विसरला गेलेला बेसबॉलपटू कसा जोखावा

आर्की वॉन हे नाव घेतले, तर नियमित बेसबॉल पाहणारेही क्षणभर थबकतात. पिट्सबर्ग पायरेट्सच्या या शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) १९३५ साली ०.३८५ ची बॅटिंग सरासरी (हिट भागिले ॲट-बॅट) राखली. त्यानंतर नॅशनल लीगमधल्या (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक, दुसरी अमेरिकन लीग) एकाही शॉर्टस्टॉपला तिथवर पोहोचता आलेले नाही. असे खेळाडू मागे पडतात ते बहुतेक वेळा कमी पडल्यामुळे नव्हे. त्यांचा मोठेपणा ज्या रकान्यात होता, तो रकाना त्या काळात कुणी वाचतच नव्हते. म्हणून जुना खेळाडू जोखताना आधी रकाने बदलायचे, मत नंतर बनवायचे.

सुरुवात ऑन-बेस टक्केवारीपासून करा. हिट (चेंडू मारून गाठलेला बेस), वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस) आणि अंगावर चेंडू लागून मिळालेले बेस यांची बेरीज करा. तिला ॲट-बॅट (वॉकसारखे प्रसंग वगळून उरलेल्या बॅटिंगच्या पाळ्या), वॉक, अंगावर लागलेले चेंडू आणि सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः झेलबाद होऊन संघाला धाव मिळवून देणारे फटके) यांच्या बेरजेने भागा. सॅक्रिफाइस फ्लाय १९५४ पासून सलगपणे नोंदले जातात, त्याआधीच्या खेळाडूंसाठी तो आकडा सोडून द्यायचा. वॉनचे १९३५ चे गणित असे: १९२ हिट, ९७ वॉक, ७ वेळा अंगावर चेंडू, म्हणजे २९६. भाजक ४९९ अधिक ९७ अधिक ७, म्हणजे ६०३. उत्तर ०.४९१. जवळजवळ निम्म्या वेळा हा माणूस बाद न होता बेसवर पोहोचत होता, आणि तोही शॉर्टस्टॉप, जिथे बॅटिंग येणे ही वरकमाई मानली जायची.

याच चाचणीत जिमी विनसारखे लोक वर येतात. कारकिर्दीची सरासरी ०.२५०, त्यामुळे वरवर पाहणारा पान उलटतो. पण १९६९ च्या एका हंगामात त्याने १४८ वॉक मिळवले. सरासरी ०.२६९ आणि ऑन-बेस ०.४३६, शिवाय ३३ होमरन (कुंपणापार मारलेले फटके). हे सगळे घरचे मैदान ह्यूस्टनचे ॲस्ट्रोडोम असताना, जिथे उंच उडालेला चेंडू कुंपणाआधीच दम टाकायचा. हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या थोरांचे सन्मान-दालन) मतपत्रिकेवर त्याला एकही मत पडले नाही.

आता काळाची दुरुस्ती, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. बिल टेरीने १९३० साली ०.४०१ सरासरी काढली. कार्ल यास्ट्रेम्स्कीने १९६८ मध्ये अमेरिकन लीगमधले बॅटिंग सरासरीचे विजेतेपद अवघ्या ०.३०१ वर जिंकले. दिसायला शंभर गुणांचा फरक. पण १९३० मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची सरासरी ०.३०३ होती, आणि १९६८ मध्ये अमेरिकन लीगची ०.२३०. भागाकार करून पाहा: टेरी १.३२, यास्ट्रेम्स्की १.३१. फरक संपला. १९६८ चा दुष्काळ इतका कडक होता की पुढच्या वर्षी पिचर (चेंडू फेकणारा) ज्यावर उभा राहतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला आणि स्ट्राइक झोनही (योग्य चेंडूची चौकट) आक्रसला.

१९३० चे आकडे तर नेहमी चिमट्याने धरावेत. त्या वर्षी फिलाडेल्फिया फिलीजने संघ म्हणून ०.३१५ ची सरासरी काढली आणि १०२ सामने हरून तळाला बसले, कारण त्यांच्या पिचरांचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरमुळे गेलेल्या धावा) ६.७१ होता. त्यांचे मैदान बेकर बोल. उजवीकडची भिंत होम प्लेटपासून (बॅटरच्या जागेपासून) २८० फुटांवर. त्यांच्या चक क्लाइनने त्या हंगामात ०.३८६ सरासरी, ४० होमरन आणि १७० आरबीआय (आपल्या बॅटिंगने संघाला मिळवून दिलेल्या धावा) केले. तो चांगला खेळाडू होताच, पण अशा खेळाडूचे घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवरचे आकडे वेगळे करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर खेळाडूच्या पानावरून ‘स्प्लिट्स’मध्ये गेले की ते मिळतात.

काळ आणि मैदान दोन्हींची दुरुस्ती एकाच आकड्यात हवी असेल, तर ओपीएस-प्लस बघा. खेळाडूची ऑन-बेस भागिले लीगची ऑन-बेस, अधिक खेळाडूची स्लगिंग (दर ॲट-बॅटमागे फटक्यांनी मिळवलेले बेस) भागिले लीगची स्लगिंग, त्यातून १ वजा, गुणिले १००. समजा लीगची ऑन-बेस ०.३३० आणि स्लगिंग ०.४००, खेळाडूची ०.३९६ आणि ०.४८०. दोन्ही भागाकार १.२, म्हणून उत्तर १४०. मैदानाची दुरुस्ती यात वरून होते. १०० म्हणजे लीगचा सर्वसाधारण बॅटर, सबंध कारकिर्दीत १३० म्हणजे फार चांगला, १५० च्या पुढे मोजकेच. डिक ॲलनचा कारकिर्दीचा आकडा १५६ आहे. हॉल ऑफ फेममध्ये जुने खेळाडू निवडणाऱ्या समितीच्या १६ सदस्यांपैकी १२ मते लागतात; २०१४ आणि २०२१ या दोन्ही खेपेला त्याला ११ पडली. डिसेंबर २०२४ मध्ये अखेर तो निवडला गेला, पण तो २०२० मध्येच वारला होता.

पिचरसाठी विजय-पराजयाचा रकाना शेवटी वाचा. नेड गार्व्हरने १९५१ साली सेंट लुई ब्राउन्ससाठी २० सामने जिंकले. ब्राउन्सने त्या वर्षी जिंकले एकूण ५२ आणि हरले १०२. संघाने धावाच काढल्या नाहीत तर पिचर काय करणार? ईआरए-प्लस (काळ आणि मैदानाची दुरुस्ती केलेला ईआरए) बघा, त्याचीही मधली रेषा १०० च. अर्बन शॉकर हे असेच एक नाव. १९२० ते १९२३ अशी सलग चार वर्षे ब्राउन्ससाठी २० किंवा अधिक विजय, मग १९२७ च्या प्रख्यात यँकीज संघात १८ विजय आणि फक्त ६ पराभव. हृदयविकाराने तो १९२८ च्या सप्टेंबरमध्ये, ३७ व्या वर्षी गेला. त्याच संघातल्या बेब रूथ आणि लू गेरिग या थोर बॅटरांच्या सावलीत त्याच्याकडे लक्ष जायचे कारणच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात गमावलेले हंगाम हा वेगळा हिशेब आहे. जॉनी माइझचे १९४३ ते १९४५ हे तीन हंगाम नौदलात गेले. अंदाज घ्यायची सोपी रीत म्हणजे आधीचा आणि नंतरचा हंगाम घेऊन सरासरी काढणे: १९४२ मध्ये २६ होमरन, १९४६ मध्ये २२, सरासरी २४. तीन वर्षांचे ७२. कारकिर्दीच्या ३५९ मध्ये मिळवले तर ४३१. पण १९४६ मध्ये तो १०१ च सामने खेळला आणि १९४७ मध्ये त्याने ५१ होमरन मारले, म्हणजे हा अंदाज कमीच धरलेला आहे. (त्या ५१ होमरनच्या हंगामात तो फक्त ४२ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला, हेही बघून ठेवा.) असा अंदाज नेहमी बाजूला, वेगळ्या ओळीत लिहावा, खऱ्या बेरजेत मिसळला की वाद हरलाच.

सेसिल ट्रॅव्हिसच्या बाबतीत ही रीतही चालत नाही. वॉशिंग्टनच्या या शॉर्टस्टॉपने १९४१ मध्ये ०.३५९ सरासरीने २१८ हिट मारले. अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक हिट त्याचे होते. त्याच वर्षी यँकीजच्या जो डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत हिट मारले आणि टेड विल्यम्सने ०.४०६ केले, मग ट्रॅव्हिसकडे कोण बघणार. पुढे सैन्यात असताना, बल्जच्या लढाईत, त्याच्या पायांना हिमदंश झाला. परतल्यावर १९४६ मध्ये ०.२५२, १९४७ मध्ये ०.२१६. इथे ‘नंतरचा हंगाम’ घेतलात तर उत्तर खोटे येईल. केवळ युद्धाआधीची वर्षे धरा.

निग्रो लीगच्या (मेजर लीगची दारे बंद असताना कृष्णवर्णीय खेळाडू जिथे खेळत त्या लीग) खेळाडूंसाठी नियम आणखी कडक ठेवा. १९२० ते १९४८ मधल्या सात लीगना मेजर लीगचा दर्जा डिसेंबर २०२० मध्ये मिळाला आणि २०२४ च्या मे महिन्यात त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत आले. जॉश गिब्सन कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबच्या ०.३६७ च्या वर गेला तो तेव्हाच. पण या लीगचे अधिकृत हंगाम छोटे असत, बाकी वर्ष गावोगावच्या सामन्यांत जाई. हॉल ऑफ फेममधल्या गिब्सनच्या फलकावर ‘जवळपास ८००’ होमरन लिहिले आहेत, ते लीगबाहेरचे सामने धरून. अधिकृत आकडा त्याच्या पावपटीच्याही आत आहे. दोन्ही खरे, पण एकाच वाक्यात ठेवायचे नाहीत. ऑस्कर चार्ल्स्टन, टर्की स्टर्न्स यांची एकूण बेरीज बघण्यापेक्षा ते आपल्या लीगमध्ये वर्षानुवर्षे कितव्या स्थानावर होते ते बघा.

फिल्डिंगमध्ये फिल्डिंग टक्केवारीवर विसंबू नका. ज्या चेंडूपर्यंत खेळाडू पोहोचलाच नाही, त्याची चूक कुठेच लागत नाही, त्यामुळे संथ माणूस स्वच्छ दिसतो. पुटआउट (स्वतः बाद केलेले) आणि असिस्ट (बाद करायला केलेली मदत) यांची बेरीज गुणिले ९ भागिले इनिंग, हा रेंज फॅक्टर बरा. तोही पिचर किती स्ट्राइकआउट घेतात यावर हलतो. फिल्डिंग, वॉक आणि थोडी ताकद असे सगळे मध्यम-उत्तम असणारे सेकंड बेसमन इथेच मार खातात. हॉल ऑफ फेमच्या मतदानात बॉबी ग्रिचला १९९२ मध्ये २.६ टक्के मते मिळाली, लू व्हिटेकरला २००१ मध्ये २.९. पाच टक्क्यांखाली गेले की नाव मतपत्रिकेवरून कायमचे उडते. व्हिटेकरच्या शेजारी १९ हंगाम खेळलेला शॉर्टस्टॉप ॲलन ट्रॅमेल मात्र २०१८ मध्ये हॉलमध्ये पोहोचला.

दोन पुस्तकांतले आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. कॉबचे हिट कुठे ४,१९१ तर कुठे ४,१८९ दिसतील. १९१० चा एक सामना दोनदा मोजला गेला होता. हॅक विल्सनचे १९३० चे आरबीआय १९९९ मध्ये १९० चे १९१ झाले. १८८७ मध्ये वॉक हिट म्हणून मोजले जात, त्या वर्षीच्या जुन्या सरासऱ्या म्हणूनच फुगलेल्या दिसतात. नॅप लाजवेचे १९०१ चे ०.४२६ वाचताना लक्षात ठेवा की अमेरिकन लीग फाउल चेंडूला (रेषेबाहेर गेलेल्या फटक्याला) स्ट्राइक धरू लागली ती १९०३ पासून. आणि नावे तपासा: फ्रँक थॉमस दोन आहेत, एक २८६ होमरनचा, दुसरा ५२१ चा. शंका आलीच तर रेट्रोशीट या संकेतस्थळावर त्या दिवसाचा बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकड्यांचा तक्ता) उघडा. विनामूल्य आहे, आणि तारीख माहीत असेल तर पाच मिनिटांचे काम.