पाठीतल्या पाण्याची व्हीडीआरएल: या चुका टाळा

परवा निपाणीकडून आमच्या बेळगावच्या लॅबमध्ये आलेल्या एका फाईलमध्ये परत तीच ओळ वाचली: ‘सीएसएफ व्हीडीआरएल नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’. म्हणजे पाठीतल्या पाण्याची (सीएसएफ) उपदंशाची, सिफिलिसची, टेस्ट निगेटिव्ह. खाली सही, वर शिक्का. मी तिथल्या टेक्निशियनला फोन लावला.

“कुठल्या किटवर केलास रे?”

“नेहमीच्याच की मॅडम. कार्डवालं. काळे ठिपके येतात ते.”

म्हणजे आरपीआर, उपदंशाचीच दुसरी, कार्डवरची टेस्ट. व्हीडीआरएल नव्हेच ती. आपल्याकडे डॉक्टर ‘व्हीडीआरएल’ लिहितात, लॅब आरपीआर लावते आणि रिपोर्टवर पुन्हा ‘व्हीडीआरएल’ छापून देते. रक्ताच्या बाबतीत हा गोंधळ एक वेळ खपतो, दोन्हींत कार्डिओलिपिनचंच अँटिजेन असतं. पण आरपीआरमध्ये कोळशाचे कण घातलेत ते सिरम-प्लाझ्मासाठी, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या पाण्यासाठी, नुसत्या डोळ्यांना गुठळी दिसावी म्हणून. पाठीतल्या पाण्यात अँटिबॉडी मुळातच थोडी. कार्डवर ती निसटते. उपदंश मेंदूत शिरलाय का, हे बघायला काचेची स्लाईड, ताजं इमल्शन (अँटिजेनचं घोळलेलं मिश्रण) आणि मायक्रोस्कोप लागतो. दहाचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे शंभर पट. किटच्या खोक्यातला कागद वाचा, त्यात ‘सीएसएफसाठी’ असं लिहिलेलं नसेल तर ते किट सीएसएफला लावू नका. तो कागद घडी न मोडता कचऱ्यात गेलेला मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता कुठल्याही लॅबमध्ये गेले की आधी डस्टबिनकडे नजर जाते.

या चुकीवर मी एवढी का चिडते, ते सांगते. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणारे एक गृहस्थ होते, पन्नाशी ओलांडलेले. वर्षभर बेरजा चुकत होत्या. मग नको तिथं हसू यायला लागलं, मग एकाएकी दोन म्हशींचा सौदा करून आले, घरात गोठा नसताना. घरच्यांनी आधी देवऋषी केला, मग मनोविकाराच्या गोळ्या. शेवटी एका डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितली. बाहुल्या बारीक, उजेडाला हलत नाहीत, पण बोट नाकाजवळ आणलं की आणखी बारीक होतात. रक्ताची टीपीएचए, म्हणजे उपदंशाच्या जंतूविरुद्धची अँटिबॉडी शोधणारी टेस्ट, पॉझिटिव्ह. पाठीतलं पाणी काढून एका खासगी लॅबला दिलं. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’. फाईल मिटली.

चार महिन्यांनी ते आमच्याकडे आले तेव्हा भाऊ दुसऱ्यांदा पाणी काढू देईना. “पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतोय, मॅडम.” सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, हे त्याला समजावण्यात अर्धा दिवस गेला. पाणी काचेसारखं स्वच्छ आलं. पेशी ४१, बहुतेक लिम्फोसाईट. प्रोटीन ८८. पेशी मायक्रोलिटरला ५ च्या आत आणि प्रोटीन डेसिलिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत असायला हवं होतं. स्लाईडवर गुठळ्या, १:४ पर्यंत, म्हणजे पाणी चौपट पातळ केलं तरी. आधीच्या लॅबला विचारलं, तर कार्ड. पेनिसिलिन शिरेतून १४ दिवस चाललं. माणूस सावरला, घरच्यांना ओळखतो, शेतावर जातो. हिशेबाची वही मात्र पुन्हा हातात घेतली नाही. चार महिने आधी सुरू झालं असतं तर काय झालं असतं, हे मला कोणी विचारू नये.

१९१३ साली नोगुची आणि मूर यांनी असल्याच रुग्णांच्या मेंदूत ट्रेपोनेमा, म्हणजे उपदंशाचा जंतू, दाखवला होता. ते एवढ्यासाठी सांगितलं की हा आजार ‘आता कुठं असतोय’ म्हणणारे मला आठवड्याला एक तरी भेटतात.

आणि व्हीडीआरएल अगदी नियमानं केली तरी ती सगळ्यांना पकडत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत ३० ते ७० टक्के असा तिचा पल्ला सांगतात. पाण्यात रक्त मिसळलेलं नसेल आणि ती रिअ‍ॅक्टिव्ह आली तर विश्वास ठेवा. नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आली तर पेशी, प्रोटीन आणि रुग्ण बघा. ‘न्यूरोसिफिलिस (मेंदूतला उपदंश) नाही’ असं लॅबनं रिपोर्टात लिहू नये, ते आपलं काम नाही.

दुसरी चूक म्हणजे पाठीतलं पाणी हे पातळ सिरम आहे असं समजणं. सिरम ५६ अंशावर अर्धा तास ठेवायचं असतं, म्हणून नवी पोरं सीएसएफही वॉटर बाथमध्ये बुडवून येतात. तापवायचं नसतं ते. फक्त सेंट्रिफ्यूज करून वरचं घ्यायचं. अँटिजेनही थेट वापरायचं नाही. तयार इमल्शनमध्ये तेवढंच १० टक्के सलाईन मिसळायचं, पाच मिनिटं तसंच ठेवायचं आणि दोन तासांत संपवायचं. सीएसएफ ५० मायक्रोलिटर, हे अँटिजेन १०. सिरमची सुई इथं चालत नाही, तिचा थेंब मोठा पडतो. रोटेटरवर (स्लाईड फिरवणारं यंत्र) मिनिटाला १८० फेऱ्यांच्या गतीनं ८ मिनिटं. आठ! सिरमची चार झाली की पोरं स्लाईड उचलतात, कारण हाताला तीच सवय. मी रोटेटरवर ‘पाण्याला ८’ अशी मराठीत आणि कन्नडमध्ये चिठ्ठी डकवलीय. तरीही उचलतात. मधेच करंट गेला तर थांबलेली मिनिटं जोडत बसू नका, नवी स्लाईड लावा.

आता माझीच चूक. नोकरीचं दुसरं वर्ष, जानेवारीची सकाळ. बेळगावची थंडी सांगायला नको, लॅबमध्ये १७ अंश. इमल्शन केलं, स्लाईड फिरवली. रिअ‍ॅक्टिव्ह कंट्रोल, म्हणजे गुठळी यायलाच हवी असा पडताळ्याचा नमुना, सपाट आला, सुईसारखे बारीक कण सगळीकडे सारखे पसरलेले, एक गुठळी नाही. मी काय करावं? कंट्रोल जुनं झालंय असं ठरवून फेकून दिलं आणि रुग्णाचा ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ सहीला नेला. आमचे सर उठून आले, काहीच न बोलता स्लाईडवर बोट टेकवलं.

“हात लाव बघू याला.”

बर्फ होती काच. ही टेस्ट २३ ते २९ अंशांत करायची. त्याखाली प्रतिक्रिया मंदावते, त्यावर वाढते. फ्रिजमधली बाटली, गार काच, गार खोली, तिन्हींनी मिळून माझं कंट्रोल मारलं होतं. खोलीत शेगडी लावली, सगळं तासभर बाहेर ठेवलं, २५ अंश झाल्यावर पुन्हा केलं. कंट्रोलला गुठळ्या आल्या. रुग्णालाही आल्या.

तेव्हापासून माझ्या टेबलावर साधा थर्मामीटर असतो आणि तापमान मी रजिस्टरमध्ये रिझल्टच्या आधी लिहिते. आपला जिल्हा तसा विचित्र आहे. खानापूरला पावसाळ्यात हुडहुडी आणि अथणीला एप्रिलमध्ये अंगाची लाही. तिकडे एसी नसेल तर पहाटे काम उरकून घ्या. आणि कंट्रोल चुकलं तर त्या दिवशी रिपोर्ट नाही, डॉक्टर कितीही घाई करोत. “एकाच पेशंटसाठी कंट्रोल कशाला वाया घालवायचं मॅडम?” असं म्हणणाऱ्याला मी आठवडाभर लघवीच्या टेबलावर बसवते.

रक्ताळलेलं सीएसएफ. सुई लागून रक्त आलं आणि त्या माणसाच्या रक्तातली व्हीडीआरएल १:६४ असेल, तर पाण्यातली रिअ‍ॅक्टिव्ह कुठून आली ते ब्रह्मदेवही सांगणार नाही. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचं पाणी पारदर्शक दिसतं म्हणून खूश होऊ नका, तांबड्या पेशी खाली बसतात, अँटिबॉडी बसत नाही. ढोबळ रक्त असेल तर नमुना परत. किंचित असेल तर रिपोर्टात तसं लिहा आणि रक्ताचा टायटर (किती पातळ केलं तरी गुठळी येते तो आकडा) शेजारी द्या.

पेशी मोजायला उशीर करणं ही खरं तर लॅबची चूक नाही, रस्त्याची आहे. अथणीहून बसच्या कंडक्टरकडे दिलेली बाटली बेळगावला येईपर्यंत तीन-चार तास जातात. न्यूट्रोफिल दोन तासांत निम्मे विरघळतात, लिम्फोसाईट जरा तग धरतात. तिथंच तासाभरात चेंबरमध्ये मोजा, आकडा फोनवर नाही तर कागदावर पाठवा, आणि उरलेलं पाणी बर्फावर ठेवून सेरॉलॉजीला, म्हणजे अँटिबॉडीच्या टेस्ट करतात तिथं, द्या. व्हीडीआरएलचा नमुना फ्रिजमध्ये काही दिवस राहतो.

सीएसएफची टीपीएचए पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच आजार ठरवू नका, रक्तातली अँटिबॉडी पाण्यात झिरपते. निगेटिव्ह आली तर ती जास्त कामाची.

सीएसएफला ‘वीकली रिअ‍ॅक्टिव्ह’ नसतं. गुठळी आहे किंवा नाही. असेल तर दुपटीनं पातळ करत टायटर काढा.

फॉर्म कन्नडमध्ये, चिठ्ठी मराठीत, स्पेलिंग तिसऱ्याच तऱ्हेचं, आणि एका दिवशी तीन पाटील. बापाचं नाव आणि वय नसलेली बाटली मी उघडत नाही. रक्त परत मागता येतं. पाठीतलं पाणी परत मागायला त्या भावासमोर पुन्हा कोण जाणार?

आणि पाठवणाऱ्यांना एक विनंती. बाटली निघाली की फोन करा. तेवढ्यात मी अँटिजेन फ्रिजमधून बाहेर काढून ठेवते.