फॉस्टर केअरमधून आलेल्या मुलांच्या कॉलेज फीसाठी अमेरिकेत मदत कशी मिळवावी

फॉस्टर केअरमधले, म्हणजे सरकारने आईवडिलांपासून काढून तात्पुरते दुसऱ्या घरी ठेवलेले, मूल दत्तक घेतले की आपल्या पगारामुळे त्याला कॉलेजसाठी मदत मिळणार नाही, असे गृहीत धरून अनेक आईवडील अर्जच करीत नाहीत. हा समज पुष्कळदा चुकीचा असतो, आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. मूल कोणत्या वयात कोणाच्या ताब्यात होते, यावर बरेच काही ठरते. म्हणून आधी न्यायालयाचे आदेश बाहेर काढावेत आणि त्यांवरील तारखा जन्मतारखेशी ताडून पाहाव्यात.

पहिला अर्ज ‘फाफ्सा’चा, म्हणजे कॉलेजसाठी केंद्र सरकारची मदत मागण्याचा. वयाची १३ वर्षे पूर्ण झाल्यानंतर विद्यार्थी कधीही फॉस्टर केअरमध्ये, न्यायालयाच्या ताब्यात किंवा अनाथ होता का, असे त्यात विचारलेले असते. यातला ‘कधीही’ हा शब्द नीट वाचावा. एखादी मुलगी साडेतेरा वर्षांची होईपर्यंत फॉस्टर घरी राहिली आणि मग दत्तक गेली, तरी तिचे उत्तर ‘होय’ असेच आहे. त्यामुळे ती स्वतंत्र विद्यार्थिनी ठरते, दत्तक आईवडिलांचे उत्पन्न हिशेबात धरले जात नाही आणि पेल ग्रँट हे केंद्र सरकारचे अनुदान मिळण्याची शक्यता खूप वाढते. या ग्रँटची कमाल रक्कम २०२५-२६ या वर्षासाठी ७,३९५ डॉलर आहे आणि ती फेडावी लागत नाही. हीच मुलगी दहाव्या वर्षी दत्तक गेली असती, तर केवळ या कारणाने तिला स्वतंत्र मानले गेले नसते.

दुसरी मदत म्हणजे फॉस्टर केअरमधल्या मुलांसाठीच्या चेफी या सरकारी कार्यक्रमातील शिक्षण व प्रशिक्षण व्हाउचर, वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत. वयाची १६ वर्षे झाल्यानंतर दत्तक गेलेली किंवा नातेवाइकांच्या कायदेशीर पालकत्वाखाली गेलेली मुलेही त्यास पात्र असतात. हे व्हाउचर वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत मिळू शकते, पण एकूण ५ वर्षांहून अधिक काळ मिळत नाही, आणि अभ्यासात समाधानकारक प्रगती दाखवावी लागते. राज्यांकडे यासाठी मर्यादित निधी असल्याने अर्ज लवकर करावा.

याशिवाय टेक्सास, फ्लोरिडा अशा अनेक राज्यांत सरकारी कॉलेजांची फी माफ होते. फ्लोरिडात ही सवलत वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत आहे. दत्तक मुलांसाठीच्या अटी राज्यागणिक बदलतात, तेव्हा केसवर्करला, म्हणजे मुलाचे प्रकरण पाहणाऱ्या बालकल्याण कर्मचाऱ्याला, नेमके विचारावे. मात्र व्हाउचर आणि फीमाफी या सवलती मुख्यतः सरकारी फॉस्टर केअरमधून आलेल्या मुलांसाठी आहेत. भारतातून किंवा खासगी संस्थेमार्फत दत्तक घेतलेल्या मुलांच्या पालकांनी त्यांवर विसंबून खर्चाची आखणी करू नये.

कॉलेजचे आर्थिक मदत कार्यालय पुरावा मागते, तेव्हा न्यायालयाचा आदेश किंवा राज्याच्या बालकल्याण विभागाचे पत्र द्यावे. दत्तकविधानानंतर मुलाचे नाव बदलले असेल, तर जुन्या आणि नव्या नावांचा संबंध दाखवणारा आदेशही सोबत जोडावा. कागद हाती नसतील, तर फी भरण्याची तारीख जवळ येण्याची वाट न पाहता बारावीतच विभागाकडे लेखी मागणी करावी.