येन घसरला की जपानी गाडी किती स्वस्त पडते? हिशेब असा मांडा

येन घसरला की अमेरिकेतल्या मोटार कंपन्या ओरड करतात: जपान मुद्दाम चलन पाडतो आणि आमच्या बाजारात स्वस्त गाड्या उतरवतो. तक्रारीत तथ्य आहे, पण त्यातला आकडा बहुतेक वेळा फुगलेला असतो. तो आपला आपण तपासून घ्यावा.

आधी गाडी कुठे जुळवली ते बघा. चासी नंबरचं पहिलं अक्षर ‘जे’ असेल तर जपान. 1, 4 किंवा 5 असेल तर अमेरिका, 2 कॅनडा, 3 मेक्सिको. होंडा 1982 पासून ओहायोतल्या मेरिसव्हिलमध्ये मोटारी बनवते. तिथले पगार डॉलरमध्ये होतात, म्हणून अशा गाडीला येनचा फायदा मुख्यतः जपानहून आलेल्या सुट्या भागांपुरताच. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर लेबल असतं. त्यावर अमेरिका-कॅनडातल्या भागांचा टक्का आणि इंजिन-गिअरबॉक्सचा देश छापतात. टक्का मात्र त्या मॉडेलच्या सरासरीचा असतो, समोरच्या एका गाडीचा नव्हे.

आता जहाजाने आलेली गाडी घ्या. 2012 मध्ये 80 येनच्या आसपास असलेला डॉलर 2014 संपता संपता 120 वर गेला. (आकडा वाढला म्हणजे येन पडला, इथेच पुष्कळजण उलटा हिशेब करतात.) उदाहरणासाठी 80 च्या दराने गाडीचा खर्च 24 लाख येन धरा, म्हणजे 30,000 डॉलर. सगळी रक्कम 120 ने भागली तर 20,000. हाच 10,000 डॉलरचा फरक भाषणांत ऐकू येतो, आणि तो चुकीचा आहे. जपान लोहखनिज, कोळसा, तेल बाहेरून आणतो, तेही बहुतांशी डॉलर मोजून. खर्चाचा चौथा हिस्सा असा धरला, तर ते 7,500 डॉलर जागचे हलत नाहीत. उरलेले 18 लाख येन 120 ने भागले की 15,000. बेरीज 22,500, म्हणजे खरी बचत 7,500. चौथा हिस्सा हा अंदाज आहे, म्हणून 15 आणि 35 टक्के धरूनही मांडून बघा: बचत 8,500 आणि 6,500 येते. उत्तर एका आकड्यात न देता या पट्ट्यात द्या.

दर कुठला घ्यायचा? आजचा नको. कंपन्या काही महिने आधीच बँकेशी दर बांधून ठेवतात, त्यामुळे परिणाम उशिरा दिसतो. जपानी कंपन्या निकालांसोबत गृहीत धरलेला दर जाहीर करतात, तो वापरा. बचत छापील किमतीत शोधू नका. ती बरेचदा सूट, कमी व्याजाचं कर्ज, जास्तीच्या सोयी किंवा थेट नफा म्हणून बाहेर पडते. प्रतिस्पर्ध्याला खरा फटका तिथे बसतो.

‘मुद्दाम पाडला’ हा आरोप वर्ष बघूनच तपासा. चलनबाजारात उतरायचा निर्णय जपानचं अर्थ मंत्रालय घेतं आणि त्यावर किती पैसा ओतला ते दर महिन्याला जाहीर करतं. 2011 मध्ये त्याने येन विकून डॉलर घेतले, तेव्हा आरोपाला आधार होता. एप्रिल 2013 मध्ये बँक ऑफ जपान या तिथल्या मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी प्रचंड वाढवली. येन उतरला, पण ते पतधोरण होतं, बाजारात येन विकणं नव्हे. 2022 आणि 2024 मध्ये तर मंत्रालयाने डॉलर विकून येन सावरायचा प्रयत्न केला.