ऋण आयन असलेल्या प्लाझ्मातली एकल तरंग कशी शोधायची

एकल तरंग म्हणजे आकार न बदलता पुढे सरकणारा एकच उंचवटा किंवा खळगा. ती शोधताना मी नेहमी साग्दिएव्ह विभवापासून सुरुवात करतो; हे टेकडी-दरीसारखं फलन असतं आणि तरंगातला विद्युत विभव त्यावर कणासारखा फिरतो. आधी फक्त थंड धन आयन आणि बोल्ट्झमन इलेक्ट्रॉन (ज्यांची घनता विभवानुसार घातांकी बदलते) घ्या. तरंगासोबत धावणाऱ्या चौकटीत जा, आयनांची घनता विद्युत विभवाच्या रूपात लिहा, प्रभार आणि विभव यांना जोडणाऱ्या पॉइसन समीकरणाचं एकदा समाकलन करा. आता विद्युत विभव म्हणजे टेकडीच्या माथ्यावरून घरंगळणारा कण समजा. तो दरीत उतरून समोरच्या चढावर थांबला आणि नेमका माथ्यावर परतला, तर एकल तरंग मिळाली. माख अंक (तरंगाचा वेग भागिले प्लाझ्मातला आयन-ध्वनिवेग) १ ते सुमारे १.५८ या पट्ट्यातच हे घडतं. तुमच्या आलेखात हा पट्टा आला नाही, तर पुढे जाऊच नका.

मग ऋण आयन मिसळा. इथे मी एकदा आठवडाभर अडकलो होतो: पॉइसन समीकरणात त्यांचं चिन्ह धनच राहिलं होतं. प्रत्येक घटकाचा प्रभार चिन्हासकट वेगळ्या ओळीत लिहा, आणि माखची खालची मर्यादा नव्याने काढा, कारण ध्वनिवेग आता बदललेला असतो.

लहान आयामासाठी केडीव्ही (कोर्टेवेग–द व्रीस) हे अरैखिक तरंगांचं समीकरण पुरतं. त्यातल्या अरैखिक पदाच्या सहगुणकावर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. ऋण आयन वाढवत नेले की तो शून्यातून जातो. त्याआधी तरंग उंचवट्याची, त्यानंतर खळग्याची. शून्यापाशी केडीव्हीचा आयाम अनंताकडे पळतो. तिथे सुधारित केडीव्ही वापरा: एप्सिलॉन हा लहान प्रचल घेऊन अवकाशाला एप्सिलॉनने, काळाला एप्सिलॉनच्या घनाने गुणा.