एकट्या बाईचं चित्र कसं बघावं

चित्रात एकटी बाई दिसली की मुलं लगेच म्हणतात, "मॅडम, ती दुःखी आहे." मी म्हणते, थांबा, आधी तिचा चेहरा तळहाताने झाका. सोलापुरात इतकी वर्षं चित्रकला शिकवतेय, सुरुवात कायम इथूनच.

चेहरा झाकला की हात बोलायला लागतात. सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' घ्या. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हे जलरंगातलं चित्र पुष्कळ जण राजा रविवर्म्याचं समजतात, आणि दर वेळी मला वाईट वाटतं. बाईच्या एका हातात दिवा, दुसऱ्याचा ज्योतीला आडोसा. त्या बोटांशी रेंगाळा. उजेड त्यांच्यावर लालसर उतरलाय. जपायला काहीतरी आहे तिच्याकडे. ती एकटी आहे, एकाकी नाही. हा फरक कळला की निम्मं चित्र कळलं.

मग उजेड कुठून येतो ते शोधा. इथे तो त्या दिव्यातूनच येतो. दिवा विझला तर तीही दिसेनाशी होईल. चित्रातली धाकधूक तिथे आहे. आता चेहऱ्यावरचा हात काढा.

शेवटी आजूबाजूच्या वस्तू बघा, रिकाम्या जागाही. एका मुलीने उंबऱ्याशी विड्या वळणारी आई काढली होती, मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं. सगळे म्हणाले, दमलेली आहे. पण भिंतीला दुसरं सूप टेकवलेलं होतं, रिकामं. ते कुणाचं, मी विचारलं.

"आजीचं," ती म्हणाली.