साठीत नवा प्रॉग : राहून गेलेले बँड शोधायचे कसे, ऐकायचे कसे

पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस, किंग क्रिम्सन, जेथ्रो टल, इमर्सन लेक अँड पामर. चाळीस वर्षं ही सहा नावं आलटून-पालटून ऐकली की प्रॉग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब तुकड्यांचा, ताल बदलत जाणारा हा ‘प्रॉग’, आता पाठ झाला असं वाटू लागतं. आपल्याकडे बडोद्यात त्या काळी हे संगीत बहुतेक कॅसेटवरून कॅसेट उतरवत फिरायचं. ज्या बँडची कॅसेट ओळखीत कुणाकडेच नव्हती, तो आपल्यापुरता झालाच नाही. १९७० ते १९७७ या वर्षांत त्याच तोडीचं काम करणारे कितीतरी बँड असे राहून गेले. आज ते सगळे फोनवर आहेत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. हजार रेकॉर्ड समोर असल्या की माणूस प्रत्येकीतलं दीड मिनिट ऐकतो आणि शेवटी पुन्हा जुनीच लावतो.

आधी वही

एक साधी वही घ्या. आवडत्या तीन रेकॉर्डांची नावं लिहा आणि प्रत्येकीपुढे लिहा, तिच्यातल्या कोणत्या जागेची तुम्ही वाट बघता. ‘छान वातावरण’ असं लिहिलंत तर पुढे काही हाती लागत नाही. ‘ऑर्गनचा खरखरीत आवाज’, ‘मेलोट्रॉनचे सूर’ (मेलोट्रॉन म्हणजे टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड), ‘ताल मधेच बदलतो ती जागा’ असं नेमकं हवं. मग ती जागा वाजवणारा माणूस शोधा. तो आधी कुठे होता, नंतर कुणाबरोबर गेला, दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डवर वाजवून आला? बडोद्याच्या ऐकणाऱ्याला ही रीत नवी नाही. फैयाज खाँ ज्या गावात दरबारी गायक होते, तिथे कोण कुणाचा शागीर्द हे विचारल्याशिवाय गाण्याची चर्चा सुरूच होत नाही.

पक्के, तपासलेले काही धागे असे. पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन याने रॉबर्ट वायटच्या ‘रॉक बॉटम’ची (१९७४) निर्मिती केली. वायट हा आधी सॉफ्ट मशीनचा ड्रमर. सॉफ्ट मशीन कँटरबरीचा, आणि त्याच मंडळींतून निघालेला दुसरा बँड कॅराव्हॅन. त्याची ‘इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक’ (१९७१) फ्लॉइडच्या चाहत्याला पहिल्याच ऐकण्यात आपलीशी वाटते. येस आणि क्रिम्सनमधला ड्रमर बिल ब्रुफर्ड याने पुढे स्वतःचा बँड काढला, त्यात कीबोर्डवर डेव्ह स्टुअर्ट होता. त्याला धरून मागे गेलात की एग, हॅटफिल्ड अँड द नॉर्थ आणि नॅशनल हेल्थ हे तीन बँड मिळतात. याच नावाचा एक गिटारवादक पुढे पॉपमध्ये खूप गाजला. शोधताना बहुतेक तोच वर येतो, तेव्हा नावासोबत ‘एग’ किंवा ‘हॅटफिल्ड’ जोडा.

क्रिम्सनकडून दोन वाटा निघतात. गिटारवादक रॉबर्ट फ्रिप हा व्हॅन डर ग्राफ जनरेटर या ब्रिटिश बँडच्या १९७० आणि १९७१ च्या रेकॉर्डांवर पाहुणा म्हणून वाजवतो. क्रिम्सनचा गीतकार पीट सिनफील्ड याने इटलीच्या पीएफएम (प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी) या बँडसाठी ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’ची (१९७३) इंग्रजी गीतं लिहिली. ती रेकॉर्ड निघाली मँटिकोरवर, म्हणजे इमर्सन लेक अँड पामरच्या स्वतःच्या कंपनीकडून. त्याच कंपनीने बांको देल मुतुओ सोक्कोर्सो हा दुसरा इटालियन बँडही बाहेरच्या देशांत नेला. इटलीचं दार उघडलं की वर्षभराची सोय झाली.

धागा तीन माणसांपलीकडे ओढू नका. चौथ्या माणसापर्यंत ओळख एवढी पातळ होते की तुमच्या आवडीशी तिचा संबंध राहत नाही.

माणूस सापडला नाही तर लेबल बघा. व्हर्टिगो, करिश्मा, डेरम, हार्वेस्ट आणि १९७३ नंतरचं व्हर्जिन या कंपन्यांच्या सत्तरच्या दशकातल्या याद्या वाचल्या तरी दहा नावं निघतात. व्हर्टिगोवरचा क्रेसिडा हा ऑर्गनप्रेमींनी ऐकलाच पाहिजे असा बँड. १९७० आणि १९७१ मध्ये दोन रेकॉर्ड काढून तो विसर्जित झाला.

फोनमधली पाच बटणं

सगळ्यात जास्त रेकॉर्ड इथे बिघडतात आणि दोष मात्र बँडला दिला जातो. अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन हे एकदाच करून ठेवा. क्रॉसफेड शून्य करा, नाहीतर एका तुकड्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडावर चढते. गॅपलेस चालू ठेवा; ते बंद असलं तर सलग वाजणाऱ्या बाजूत दर काही मिनिटांनी बारीक खाच पडते. शफल बंद. ऑटोप्लेही बंद, कारण रेकॉर्ड संपल्यावरची शांतता ऐकण्याचाच भाग आहे आणि तिथे अॅपने आपल्या मर्जीचं गाणं घुसवणं म्हणजे भैरवी संपता संपता कुणीतरी रेडिओ लावणं. आवाज समान करणारं नॉर्मलायझेशन ‘अल्बम’वर ठेवता आलं तर ठेवा, नाहीतर बंद करा. गाण्यागणिक समान केलं की मुद्दाम हळू ठेवलेला भाग मोठा होतो आणि पुढच्या स्फोटातला दम जातो.

मूळ रेकॉर्ड कुठे संपते ते वहीत लिहून ठेवा. नव्या आवृत्त्यांना पुढे तासभर जादा तुकडे चिकटवलेले असतात. जेंटल जायंट या ब्रिटिश बँडची ‘ऑक्टोपस’ (१९७२) आठ गाण्यांची, साधारण ३४ मिनिटांची. व्हॅन डर ग्राफची ‘पॉन हार्ट्स’ (१९७१) मूळ ब्रिटिश आवृत्तीत फक्त तीन तुकड्यांची. तेवढं झालं की थांबा.

रीमास्टर आणि रीमिक्स यांत गल्लत करू नका. रीमास्टर म्हणजे तयार स्टिरिओ टेपवरच पुन्हा हात फिरवणं. यात पुष्कळदा आवाज नुसता मोठा केलेला असतो आणि तासाभरात कान थकतो. रीमिक्स म्हणजे मूळ वेगवेगळ्या ट्रॅकवरून, प्रत्येक वाद्य सुटं घेऊन, नवी मांडणी. ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनने जेंटल जायंट, कॅराव्हॅन, येस, टल यांच्या रेकॉर्डांचे असे रीमिक्स केले आहेत. ज्यांनी हे संगीत उतरवलेल्या कॅसेटवर ऐकलं, त्यांना यात दबलेली वाद्यं पहिल्यांदा सापडतील.

एकशब्दी नावांचा शोध नेहमी फसतो. एग, स्प्रिंग, एरिया, कॅमल यांच्यासोबत रेकॉर्डचं नाव आणि साल घाला. हार्मोनियम हा कॅनडातल्या क्वेबेकचा बँड आहे. नुसतं तेवढंच शोधलंत तर पेटीवादन समोर येतं.

खोली, पंखा आणि कान

दहा बाय बाराच्या खोलीत दोन स्पीकर एकमेकांपासून सहा फुटांवर, भिंतीपासून किमान फूटभर पुढे आणि तुमची खुर्ची दोघांपासून सहा फुटांवर असा समभुज त्रिकोण करा. छोटा, वरचे सूर काढणारा भोंगा कानाच्या उंचीला यावा. स्पीकर कोपऱ्यात लोटले की खर्ज फुगतो आणि बास गिटारची सगळी नक्षी लिंपून जाते.

बडोद्यात एप्रिल ते जून पंखा बंद ठेवून ऐकणं शक्य नाही, आणि पूर्ण वेगातला पंखा या संगीतातले हलके भाग खाऊन टाकतो. उन्हाळ्यात पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ धरा, किंवा कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन वापरा. नवरात्रात गरब्याच्या मैदानाजवळ राहणाऱ्यांनी त्या नऊ रात्री नवी रेकॉर्ड लावूच नये. एका चांगल्या बँडशी पहिली भेट वाया जाईल.

वयाबरोबर वरच्या पट्टीचे आवाज आधी कमी होतात. झांजा मंद वाटल्या की हात आवाजाच्या बटणाकडे जातो आणि सगळंच मोठं होतं. तसं करू नका. आधी खर्ज दोन-तीन डेसिबलने उतरवा. मधले-वरचे सूर आपोआप मोकळे होतात. प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी धरतात. फोनवरच्या मोफत ध्वनिमापकाने खुर्चीच्या जागी एकदा मोजून बटणावर खूण करा.

श्रवणयंत्र वापरत असाल तर हे महत्त्वाचं. यंत्राची नेहमीची घडण बोलणं ऐकू यावं अशी असते. शिट्टी दाबणारी तिची सोय बासरीचा किंवा मेलोट्रॉनचा लांब सूर म्हणजे शिट्टीच समजते, आणि तो सूर कापरा, घरघरता होऊन ऐकू येतो. बँडच बेसूर आहे असं वाटून पुष्कळजण रेकॉर्ड सोडून देतात. ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम भरून मागा, ज्यात शिट्टी-दाब आणि गोंगाट-कपात बंद असेल. जाताना बासरीचा तुकडा फोनवर घेऊन जा आणि तिथेच ऐकून तपासा.

एक रेकॉर्ड, पंधरा दिवस, तीन ऐकणी

पंधरा दिवसांत एकच नवी रेकॉर्ड घ्या, त्याहून जास्त नको.

पहिल्या ऐकणीत काहीही करू नका. मधे थांबायचं नाही, फोन पालथा ठेवायचा. संपल्यावर एवढंच लिहा की पुन्हा कोणती जागा ऐकावीशी वाटली. दोन दिवसांनी दुसरी ऐकणी, यावेळी गीत समोर ठेवून आणि कोण काय वाजवतो हे वाचून. इटालियन, फ्रेंच गीतांचा अर्थ शोधत बसू नका. शब्द कुठे तुटतात तेवढं पाहिलं तरी पुरे.

तिसरी ऐकणी एकाच गोष्टीच्या मागे. ‘ऑक्टोपस’मधलं ‘नॉट्स’ घ्या. यात आवाज एकामागून एक येतात, एकाचं वाक्य पुरं होण्याआधी दुसरा शिरतो, आणि एकदम ऐकलं तर नुसता गलका वाटतो. युक्ती अशी की डोळे मिटून सगळ्यात आधी येणारा आवाज धरा आणि तुकडा संपेपर्यंत त्यालाच चिकटून राहा. बाकीचे आजूबाजूने जातील, जाऊ द्या. मग पुन्हा लावा आणि दुसरा आवाज धरा. चौथ्या फेरीला गलक्याची वीण दिसू लागते. रचनाकार केरी मिनीअर लंडनच्या रॉयल अॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये रचना शिकलेला होता, आणि ते इथे ऐकू येतं.

ताल मोजण्यात आपण या बँडांच्या घरच्या चाहत्यांपेक्षा पुढे असू शकतो. लहानपणापासून गरब्याच्या हिंच या ठेक्यातल्या सहा मात्रा अंगात भिनलेल्या असतात, आणि सात मात्रांचा रूपक, दहा मात्रांचा झपताल माहीत असणारा माणूस तर घरोघरी आहे. सरावाला ओळखीची गाणी घ्या. फ्लॉइडचं ‘मनी’ सात मात्रांत चालतं, गिटारच्या तुकड्यात मात्र चारवर येतं. तो सांधा पकडा. टलचं ‘लिव्हिंग इन द पास्ट’ पाचांत, म्हणजे झपतालाचं अर्धं आवर्तन. जेनेसिसच्या ‘सपर्स रेडी’मधला नऊचा भाग मोजताना हातावर नऊ धरून ठेवा आणि ऑर्गनकडे लक्ष देऊ नका, कारण तो मुद्दाम ठेक्याला सोडून चालतो.

इथे एक चूक हमखास होते. रूपकची सम ‘खाली’च्या, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर असते, म्हणून हात सवयीने पहिल्या मात्रेला हलका पडतो. रॉकमध्ये पहिली मात्रा बहुधा बासच्या ड्रमने ठोकलेली, जड असते. ठेक्याचे बोल मनात म्हणू नका, नुसते आकडे म्हणा, म्हणजे घोटाळा होत नाही.

तिसऱ्या ऐकणीनंतरही मन लागलं नाही तर नावापुढे सहा महिन्यांनंतरची तारीख घालून ठेवा. व्हॅन डर ग्राफच्या बाबतीत तर ही तारीख लागतेच. त्यांचा गायक पीटर हॅमिल याचा आवाज कुजबुजीतून एकदम आरोळीवर जातो आणि पहिल्यांदा अंगावर येतो. त्या आवाजाखालून ह्यू बँटन ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर खर्ज कसा चालवतो आणि डेव्हिड जॅक्सन दोन सॅक्सोफोन एकदम कसे फुंकतो, तिकडे कान लावा. मग गाणाराही पटतो.

कुठून सुरुवात, कुठून नको

निवडक गाण्यांचे संग्रह टाळा, त्यांत लांब तुकडे कापलेले असतात. बँडच्या शेवटच्या वर्षांकडूनही जाऊ नका. जेंटल जायंटची १९७८ ची ‘जायंट फॉर अ डे’ ऐकून या बँडबद्दल मत बनवणं हा त्यांच्यावर अन्यायच. सॉफ्ट मशीनच्या आधी कॅराव्हॅन घ्या. फ्रान्सचा मॅग्मा वर्षाच्या शेवटी ठेवा. ड्रमर क्रिस्तियान व्हांदेरने त्यासाठी स्वतंत्र भाषाच रचली आहे, आणि तिथे जाणाऱ्याच्या कानात आधी दहा-बारा नवे बँड मुरलेले असलेले बरे.

कॅमलची ‘मिराज’ (१९७४), पीएफएमची ‘पेर उन आमिको’ (१९७२), बांकोची ‘दार्विन!’ (१९७२) आणि हॅटफिल्डची ‘द रॉटर्स क्लब’ (१९७५) अशा क्रमाने गेलात तर दर वेळी पाऊल थोडंच पुढे पडतं. मेलोट्रॉनच्या वेड्यांनी स्प्रिंग या बँडची १९७१ ची एकमेव रेकॉर्ड मधे घालावी. तिच्यात तीन मेलोट्रॉन आहेत. या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली टेपची वेगळी फीत असते. ती सुमारे आठ सेकंद वाजते आणि बोट उचललं की मागे जाते. म्हणून सूर अमर्याद लांबवता येत नाही, आणि स्वर बदलताना मधे जो श्वास घेतल्यासारखा खंड पडतो तो तिथून येतो. तो खंड एकदा ओळखला की स्वीडनच्या एंग्लागोर्डने १९९२ मध्ये ‘हिब्रिस’ या चार तुकड्यांच्या रेकॉर्डवर तेच वाद्य पुन्हा का काढलं हे कोणी सांगावं लागत नाही. ही रेकॉर्ड आली तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांनी नवं शोधणं सोडून दिलं होतं. ती डिसेंबरसाठी राखून ठेवा, पंखा बंद असताना.