संग्रहात ठेवण्याजोगं छापील चित्रकार्ड स्वस्तात दिसलं, तर कार्डं जमवणाऱ्या मित्रांना कसं कळवाल?

नुसतं ‘मस्त डील, पळा!’ म्हणून भागत नाही. कार्ड ज्या संचातलं आहे त्याचं नाव, वर्ष, कार्ड क्रमांक, दोन्ही बाजूंचे फोटो आणि टपालखर्च धरून पडणारी किंमत सांगा. कोपरे झिजलेत, कडा पांढऱ्या पडल्यात किंवा पुनर्मुद्रण वाटतंय, तर तेही. आधी स्वतःला हवं ते उचला, त्यात लाज कसली! पण दहा प्रती असतील तर दहाही आपल्याच पिशवीत नकोत. लिलावातलं कार्ड मात्र सगळ्यांत जाहीर करण्याआधी जवळच्यांना विचारा. कुणी आधीच बोली लावली असेल, तर तुमच्या उत्साहाने भाव त्याच्याच अंगावर चढतो. मित्राच्या खबरीवर घेतलेलं कार्ड लगेच चढ्या दराने विकायला काढणं तर फारच खटकतं. माल संपला की तेवढं कळवा.